चौदा पायांचं गाढव

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आज लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे आमचे भाचे साहेब, वय वर्षं नऊ.

गेल्या रविवारी आम्ही दोघं गॅलरीतल्या कुंड्या हलवत होतो. तुळशीची कुंडी उचलली, तर खालच्या ओल्या फरशीवर डाळीएवढे राखाडी किडे सैरावैरा पळायला लागले. एकाला काडी लावली तर त्याने अंगाची मिरीसारखी गोळी केली. लहानपणी आम्ही याला गोळीकिडा म्हणायचो.

"मावशी, हा कोण?"

"कीटक आहे रे एक." मी ठोकून दिलं.

साहेबांनी ती गोळी तळहातावर घेतली, उलगडेपर्यंत धीर धरला आणि पाय मोजले. चौदा! "पण कीटकाला सहाच पाय असतात ना?"

आता आली का पंचाईत! आमच्या घरात मोठ्या माणसाने "मला ठाऊक नाही" म्हणायची पद्धत नाही. (बाबा हे वाचत असतील तर त्यांनी हसू नये.) मी "बघून सांगते" म्हणून वेळ मारून नेली आणि पुढच्या चार रात्री खरंच वाचत बसले. सापडलं ते इतकं मजेदार होतं की तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहवेना.

तर मंडळी, हा कीटक नाही. इंग्रजीत याला वुडलाउस, म्हणजे लाकडातली ऊ म्हणतात, पण ऊसुद्धा नाही. हा खेकडा-कोळंबीच्या गोतातला, समपाद गटातला प्राणी. पूर्वज समुद्रातले, हा जमिनीवर येऊन राहिला. मादी अंडी पोटाखालच्या पाणीभरल्या पिशवीत सांभाळते. कात टाकतानाही एकदम टाकत नाहीत, आधी मागच्या अर्ध्या अंगाची आणि मग पुढच्या. अंग लवकर सुकतं, म्हणून कुंडीखालची ओल यांना प्यारी.

हे सगळं माणसाला कळलं कसं, तो इतिहास मला जास्त आवडला. १७५८ साली स्वीडनच्या लिनियसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सगळ्या प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावं दिली. त्यात याचं नाव ठेवलं ऑनिस्कस असेलस. ऑनिस्कस म्हणजे ग्रीकमध्ये छोटं गाढव आणि असेलस म्हणजे लॅटिनमध्येही छोटं गाढव! आणि त्याला बसवलं कुठे? कीटकांत, 'बिनपंखी' या खणात. म्हणजे माझं उत्तर अगदीच काही वाया गेलेलं नव्हतं, फक्त अडीचशे वर्षं जुनं होतं. त्याच खणात लिनियसने उवा, पिसवा, कोळी, विंचू, गोमी आणि चक्क खेकडेही कोंबले होते. त्याच्या हिशेबी सांध्यांचे पाय असलेले सगळे कीटकच. पुढे कुव्हिए आणि लामार्क या फ्रेंच मंडळींनी खेकडे वगैरेंना वेगळा वर्ग दिला, तेव्हा हेही त्यांच्याबरोबर तिकडे गेले.

पण या किड्यांची घरं नीट लावली ती लात्रेयने, आणि याची गोष्ट सिनेमात शोभेल अशी आहे. हा फ्रान्सचा पाद्री. क्रांतीच्या धामधुमीत बोर्दोच्या तुरुंगात पडला. एक दिवस कोठडीच्या जमिनीवर त्याला एक भुंगा दिसला. मरण समोर असताना हा माणूस भुंगा निरखत बसला! तुरुंगाच्या डॉक्टरला नवल वाटलं. लात्रेय म्हणाला, हा दुर्मिळ आहे. डॉक्टरने तो भुंगा बोरी द सँ-व्हँसाँ नावाच्या, किड्यांचा नाद असलेल्या पंधरा वर्षांच्या पोराकडे नेला. त्याने लात्रेयचं नाव ऐकलेलं होतं. ओळखीपाळखी लावून त्याची सुटका झाली. त्याच्याबरोबरचे बाकीचे कैदी महिन्याभरात मेले. १८०४ मध्ये याच लात्रेयने आज जगभर सापडणाऱ्या दोन जातींना नावं दिली. त्यांची आजची नावं पोर्सेलियो स्काबर (पोर्सेलियो म्हणजे डुकराचं पिल्लू) आणि गोळी होणारा आर्मडिलिडियम व्हल्गरे. गाढव, डुक्कर... बिचाऱ्याला कोणी चांगलं नाव म्हणून देईना.

पुढे जाती वाढतच गेल्या. १८८५ मध्ये कोपनहेगनच्या बुडे-लुंडने जगभरच्या जमिनीवरल्या सगळ्या समपादांवर लॅटिनमध्ये एक अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्याकडच्या जातींवर कॉलिंज नावाच्या इंग्रजाने १९१० च्या दशकात कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात लेख लिहिले. २००३ मध्ये जर्मनीच्या श्मालफुसने जगाची यादी केली. आज साधारण ३७०० च्या वर जाती मोजल्या जातात. वाळवंटात जोडीने बीळ राखणारी एक जात आहे, मुंग्यांच्या वारुळात राहणारी एक पांढरी, आंधळी जातही आहे.

आणि आता खरी गंमत. समुद्रकाठच्या खडकांवर झुरळासारखा सुसाट पळणारा लिजिया तुम्ही कोकणात पाहिला असेल. इतकी वर्षं समजूत अशी होती की समुद्रातून जमिनीवर येतानाची ही पहिली पायरी, आणि बाकी सगळे त्याच वाटेने आत आले. २०१९ मध्ये दिमित्रिऊ, ताइती आणि स्फेन्थुराकिस या तिघांनी डीएनए तपासून दाखवलं, की लिजियाचं नातं आपल्या कुंडीतल्यांपेक्षा समुद्रातल्या समपादांशी जास्त जवळचं दिसतं. म्हणजे पाणी सोडून जमिनीवर यायचा उद्योग या मंडळींनी एकदा नाही, निदान दोनदा केला असावा. लात्रेयपासून एका घरात नांदत असलेलं कुटुंब चुलत निघालं म्हणायचं!

काल भाच्याला फोन केला. म्हटलं, "मावशी चुकली होती रे. तो कीटक नाही, खेकड्याचा नातेवाईक." पलीकडे जरा शांतता.

"हे तरी नक्की का?"

"आत्तापर्यंत तपासलंय त्यात तरी हेच. पण पाय चौदाच, ते तू मोजलेस."

"मावशी, परवा एक छोटंसं पिल्लू मोजलं. त्याला बाराच होते."

परत पुस्तक उघडावं लागलं. खरंच, पिशवीतून बाहेर पडलेल्या पिल्लाला पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी नंतर फुटते! मी हे कधीच बघितलं नव्हतं.

असो. तुळशीची कुंडी होती तिथे हळूच परत ठेवली आहे. तुमच्याकडे, विशेषतः कोकणात आणि विदर्भात, या गोळीकिड्याला काय म्हणतात? नक्की कळवा. गाढवापेक्षा बरं असेल तर भाच्याला सांगेन म्हणते.