ढाक बहिरी

ढाक बहिरी : रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील गुहा-देवस्थान. ढाक किल्ल्याच्या उभ्या कातळात, कळकराय सुळक्याच्या शेजारी ते आहे. कर्जतकडून सांडशीची वाट सुळका आणि किल्ला यांच्यामधल्या खिंडीत चढते. पुणे जिल्ह्यातील जांभिवलीहून, कोंडेश्वराच्या देवळावरून येणारी वाट अरुंद घळीतून त्याच खिंडीत उतरते. पुढे कड्याला बिलगून आडवे जायचे आणि खोबण्या, दोर व कातळाला टेकवलेला झाडाचा सोट धरून वर चढायचे. या चढाईत जीव गेलेले आहेत. पावसाळ्यात तिच्या वाटेला जाऊ नये.

गुहेत शेंदूर फासलेला बहिरी आणि पाण्याची खोदीव टाकी आहेत. देव मुख्यतः ठाकरांचा. टाक्यात स्वयंपाकाची भांडी ठेवलेली असतात. पातेली, ताटे कुणीही काढावीत, रांधावे, जेवावे आणि घासून-विसळून पुन्हा पाण्यात सोडावीत. कुणी भांडे घरी नेले किंवा खरकटे तसेच ठेवले, तर बहिरी त्याला सोडत नाही, अशी श्रद्धा आहे. कुलूप नाही, राखणदार नाही, तरी भांडी तिथे राहतात. या श्रद्धेचा वचक आणखी कशाने मोजायचा?

बहिरी म्हणजे भैरव. काशीत काळभैरव हा कोतवाल; त्या क्षेत्रात मेलेल्यावर यमाची सत्ता चालत नाही, पापाचा हिशेब भैरवच भैरवी यातनेतून चुकता करून घेतो, अशी परंपरागत समजूत. कोकणात भैरी गावाचा रखवालदार असतो. ढाकच्या बहिरीने कोतवाली तीच ठेवली, पण निवाडा मरणाच्या अलीकडे आणला. त्याच्यापुढे चित्रगुप्ताची वही उघडत नाही, परक्याच्या उंबऱ्यात पाहुणा कसा वागला एवढेच पाहिले जाते.

स्त्रियांनी गुहेत येऊ नये, असाही संकेत सांगतात. डोंगर चढणाऱ्या मुली तो मानत नाहीत, आणि त्यात वावगे काही नाही. भांड्यांचा नियम मात्र त्याही पाळतात. शेजारच्या खालापूर तालुक्यात महडच्या वरदविनायकाला भाविक थेट गाभाऱ्यात जाऊन हात लावत आले आहेत. दोन शेजारी तालुक्यांत देवाजवळ जाण्याच्या रीती इतक्या वेगळ्या आहेत.

सांडशीपर्यंत कर्जतहून गाडीरस्ता आहे. रानात वाटा फुटत असल्याने गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा.