दिनविशेष : २० जुलै
१९२३ : गोठेच्या गोठे ओस पाडणाऱ्या बुळकांडी या गुरांच्या साथरोगाचे कर्दनकाळ ठरलेले ब्रिटिश पशुवैद्यक वॉल्टर प्लोराइट यांचा जन्म. केनियातील मुगुगा येथे त्यांनी या रोगाचा विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत सुमारे ९० वेळा वाढवून सौम्य केला. त्यातून स्वस्त, सुरक्षित लस निघाली. गुरांच्या आणखी एका जीवघेण्या तापाचा विषाणू वाइल्डबीस्टच्या कळपांत वावरतो, हेही प्लोराइट आणि सहकाऱ्यांनी शोधले. १९९९ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देवीनंतर जगातून हद्दपार झालेला बुळकांडी हा दुसराच रोग. तो हद्दपार झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. प्लोराइट मात्र फेब्रुवारी २०१० मध्येच गेले होते.