सहवासाची शाळा



शांततेच्या शिक्षणाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. ते शिक्षण प्रत्यक्षात कसे उभे राहिले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्या इतिहासाचे दोन धागे मी आज आपणापुढे ठेवू इच्छितो.

कुर्ट हान या जर्मन शिक्षकाने १९२० साली सालेम येथे निवासी शाळा काढली. हिटलरचा उघड निषेध केल्यामुळे १९३३ मध्ये त्याला अटक झाली. सुटकेनंतर त्याने ब्रिटनचा आश्रय घेतला. १९५५ मध्ये पॅरिसच्या नाटो संरक्षण महाविद्यालयात, कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांचे अधिकारी एकत्र अभ्यास करताना त्याने पाहिले. सैनिकांना जे साधते ते कोवळ्या वयात का साधू नये? या विचारातून १९६२ मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज निघाले. त्याच परंपरेतील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ साली पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात सुरू झाले. तेथे देशोदेशींची मुले एकत्र राहतात, आणि सेवाकार्य हा शिक्षणाचाच भाग मानला जातो.

दुसरा धागा आपल्या घरचा आहे. अमळनेरच्या छात्रालयात मुलांची सेवा करणारे साने गुरुजी पुढे तिरुचिरापल्लीच्या कारागृहात तमिळ सत्याग्रहींच्या सहवासात आले. तेथे त्यांनी ‘कुरल’ मराठीत आणले. प्रांताप्रांतांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, ही त्यांची आंतरभारतीची तळमळ होती. १९५० मध्ये गुरुजी गेले. ते स्वप्न पुरते साकार झालेले त्यांना पाहता आले नाही.

दोन्ही धाग्यांचे मर्म एकच: परक्याविषयीचा आदर व्याख्यानाने येत नाही, सहवासाने आणि एकत्र केलेल्या कामाने येतो.

आपले लोंढा हे रेल्वेचे जंक्शन. गोव्याकडची वाट येथेच फुटते. मराठी, कन्नड आणि कोंकणी येथे एकाच फलाटावर कानी पडतात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाप्रश्नाचे शल्य या भागाच्या मनात आहे. त्याचा न्याय व्हावा, हे मीही मानतो. परंतु त्या निकालासाठी शेजारच्या बाकावरील मुलाची भाषा शिकणे थांबवण्याचे कारण नाही. स्वभाषेचा अभिमान त्याने उणावत नाही. मुळशीस जे दूरदेशींहून मुले आणून घडवावे लागते, त्याचे साहित्य आपल्या वर्गात आधीच बसलेले आहे. त्याचा उपयोग करणे, हेच खरे स्मारक होय.