एका मोठ्या संख्येचा ताळा



बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची कथा आपणांस ठाऊक आहेच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरे असती, तर एकूण दाणे दोनाच्या ६७ व्या घातापेक्षा एकाने कमी, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ झाले असते. या एकवीस अंकी संख्येची जात ठरविण्यास सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

१६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच साधूने अशा प्रकारच्या मूळ संख्यांची एक यादी प्रसिद्ध केली. घातांक होते २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. सिद्धता दिलेली नव्हती. युक्लिडच्या नियमाप्रमाणे आपली संख्या मूळ असती, तर तिला दोनाच्या ६६ व्या घाताने गुणून एक परिपूर्ण संख्याही मिळाली असती. म्हणजे एका नोंदीवर दोन संख्यांचे भवितव्य टांगलेले होते.

१८७६ मध्ये एद्वार लुका यांनी ही संख्या संयुक्त असल्याचे दाखविले. मौज अशी की, तिचा एकही अवयव त्यांनी सांगितला नाही. वर्ग करावा, दोन वजा करावे, बाकी घेऊन पुन्हा वर्ग करावा, या क्रमाच्या अखेरीस शून्य येत नाही, एवढ्यावरून निर्णय झाला. घरात चोर आहे हे निश्चित, पण तो कोण हे अज्ञात! माझ्या मते या कथेतील सर्वांत मोठी झेप हीच होय.

अवयव मिळाले ते फ्रँक नेल्सन कोल यांना. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी ते मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार केला आणि या कामी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, ही हकीकत ई. टी. बेल यांच्या १९५१ च्या ग्रंथातील आहे. बेल गोष्टीला रंग चढविण्यात वाकबगार होते, हे ध्यानात ठेवलेले बरे. श्रम मात्र खरे. अशा संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीहून एकाने अधिक असावा लागतो. लहान अवयवासाठी ती पट १४,४५,५८० वी आहे. वर्गशेषांच्या साहाय्याने कोल यांनी चाळणी आणखी बारीक केली.

मर्सेनच्या यादीतील २५७ हा घातांकही पुढे चुकीचा ठरला. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. १९४७ पर्यंत यादी पुरती तपासून झाली. कोल यांच्या गुणाकाराचा शाळेत शिकविलेला नवाचा ताळा आपणही घेऊ शकता. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज करीत गेल्यास शेवटी एक-एकच उरतो. गुणाकाराच्या अंकांचाही एकच. ताळा जुळला म्हणून गुणाकार बरोबरच असतो असे नव्हे. तेव्हा ज्यांना सवड आहे त्यांनी कागद घेऊन तो पूर्ण करावा.