जहाजांचा आकडा कायद्यात, खर्च मात्र मोकाट

१/ आरमार एका अंदाजपत्रकात उभे राहत नाही. मोठी युद्धनौका बांधण्यास काही वर्षे लागतात आणि पुढे ती कित्येक वर्षे पोसावी लागते. इतक्या दूरच्या खर्चाचा शब्द आज द्यावा कसा? जर्मन साम्राज्याने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्याची ही कथा.

२/ १८९७ साली कैसर दुसरा विल्हेल्म याने आल्फ्रेड फॉन टिरपिट्झ याच्याकडे नौदल खाते सोपवले. तोवर राइखस्टाग, म्हणजे जर्मन संसद, नौदलाच्या मागण्यांना वरचेवर कात्री लावीत असे. अशा धरसोडीतून आरमार घडत नाही, ही टिरपिट्झची तक्रार खोटी नव्हती.

३/ त्याचा उपाय धूर्त होता. १८९८ च्या कायद्यात त्याने जहाजांची संख्याच लिहून घेतली : १९ युद्धनौका. प्रत्येकीचे आयुष्य २५ वर्षे. ते सरले की तिच्या जागी नवी नौका आपोआप देय. संसदेनेही सावधपणे सुमारे ४०.९ कोटी मार्कांची खर्चमर्यादा घातली.

४/ ही मर्यादा दोनच वर्षे टिकली. १९०० च्या दुसऱ्या कायद्याने युद्धनौकांचा आकडा ३८ वर नेला आणि खर्चाची मर्यादा गाळली. संख्या बांधली गेली, किंमत सुटली.

५/ डिसेंबर १९०६ मध्ये ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ सेवेत आली : १२ इंची दहा तोफा, वाफेची टर्बाइने. आधीच्या साऱ्या युद्धनौका एका रात्रीत जुन्या वाटू लागल्या. जर्मनीच्या ‘डॉइचलांड’ वर्गातील नौकेस सुमारे २.४५ कोटी मार्क पडत; नव्या ‘नासाऊ’ वर्गातील नौकेस सुमारे ३.७ कोटी. कायद्यातला आकडा तोच, देयक दीडपट!

६/ शिवाय नवी जहाजे १८९५ मध्ये खुल्या झालेल्या कील कालव्यात मावेनात. १९०७ पासून तो रुंद करण्याचे काम चालले, ते जून १९१४ पर्यंत. जहाजाच्या किमतीत असा कालवा, गोदी आणि बंदर कोणी धरत नाही.

७/ तरीही १९०८ च्या दुरुस्तीने युद्धनौकेचे आयुष्य २५ वरून २० वर्षांवर आणले. कागदावर जहाजे लवकर म्हातारी झाली आणि १९०८ ते १९११ या काळात दरवर्षी चार मोठ्या नौका सुरू कराव्या लागल्या.

८/ पैसा कोठून? प्रत्यक्ष कर घटक राज्यांच्या हाती होते. साम्राज्याकडे मुख्यतः जकात, उपभोगावरील कर आणि कर्ज. ऋण काढून सण सुरू झाला. १९०९ मध्ये चॅन्सलर ब्यूलो याने वारसाकर वाढवू पाहिला. कन्झर्व्हेटिव्ह आणि सेंटर या पक्षांनी १९०० मध्ये आरमाराला मते दिली होती. या कराला दिली नाहीत. ब्यूलो पायउतार झाला. बोजा पडला बिअर, तंबाखू, काडेपेटी यांवर, म्हणजे सामान्यांच्या खिशावर.

९/ ब्रिटनलाही ही शर्यत स्वस्त पडली नाही. आरमार आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन यांसाठी लॉइड जॉर्जने १९०९ मध्ये श्रीमंतांवर कर सुचवले. उमरावांच्या सभागृहाने ते अंदाजपत्रक फेटाळले. १९११ च्या कायद्याने त्या सभागृहाचेच पंख कापले गेले. पण ब्रिटनजवळ प्राप्तिकर होता, म्हणून तो पैसा उभा करू शकला.

१०/ १९१३ पर्यंत जर्मनीचे लक्ष पुन्हा भूसेनेकडे वळले होते. महायुद्धात हे महागडे आरमार बहुतांश काळ बंदरातच राहिले. जटलंडची लढाई (१९१६) हा मोठा अपवाद. २१ जून १९१९ रोजी स्कापा फ्लो येथे नजरकैदेतील ७४ जहाजांपैकी ५२ जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडवली.

११/ दीर्घ योजनेविना आरमार नाही, हे टिरपिट्झ जाणत होता. मात्र त्याने जे कायद्यात बांधले ते स्वतःच्या संसदेचे हात होते. प्रतिस्पर्ध्याचे हात आणि तंत्रज्ञानाची गती मोकळीच राहिली. म्हणून पुढे कोणत्याही देशाची ‘इतकी वर्षे, इतकी जहाजे’ अशी घोषणा वाचाल, तेव्हा आकड्याशेजारी एक प्रश्न लिहून ठेवा : जहाज महागले, तर या योजनेत बदल करण्याचा अधिकार कोणाकडे आहे?