मान्यानी, आन्ना
(७ मार्च १९०८–२६ सप्टेंबर १९७३). रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत ख्याती पावलेली इटालियन अभिनेत्री. जन्म रोम येथे. बालपण आजीच्या घरी गेले. रोममधील एलेओनोरा दूझे नाट्यविद्यालयात अभिनयाचे शिक्षण. प्रारंभी कॅबरेमध्ये गाणी गाऊन तिने उपजीविका केली. पुढे १९४० नंतर तोतो या विनोदी नटाबरोबर केलेल्या गीत-नृत्य-विनोदप्रधान रंगप्रयोगांमुळे ती लोकप्रिय झाली.

चित्रपटात तिने १९३४ मध्ये पदार्पण केले. तथापि फॅसिस्ट राजवटीतील श्रीमंती थाटाच्या चित्रपटांना रेखीव चेहऱ्याच्या नायिका हव्या असत. विस्कटलेले केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळे व रोमच्या सामान्य वस्तीतील बोलीचा ठसका यांमुळे मान्यानीच्या वाट्याला बहुधा दुय्यम भूमिकाच आल्या. रोबेर्तो रोस्सेलीनीच्या रोमा, चित्ता आपेर्ता (१९४५, इं. शी. रोम, ओपन सिटी) या चित्रपटाने हे चित्र पालटले. जर्मन सैनिकांनी पकडून नेलेल्या आपल्या भावी पतीच्या गाडीमागे धावताना गोळी लागून कोसळणारी पीना तिने साकार केली. पूर्वी उणिवा ठरलेल्या गोष्टीच येथे अभिनयाचे सामर्थ्य ठरल्या आणि नववास्तववादी चित्रपटाला त्याची प्रातिनिधिक स्त्री लाभली.

रोस्सेलीनीच्याच लामोरे (१९४८) मधील ‘इल मिराकोलो’ या भागात तिने एका भोळसर शेळीपालक स्त्रीची भूमिका केली. न्यूयॉर्कमध्ये धर्मनिंदेच्या आरोपावरून त्याचे प्रदर्शन रोखण्यात आले. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचा महत्त्वपूर्ण निर्णय दिला. लूकीनो व्हिस्कोन्तीच्या बेल्लीस्सिमा (१९५१) मध्ये मुलीला चित्रतारका बनविण्यासाठी धडपडणारी आई तिने उभी केली. टेनेसी विल्यम्सने द रोझ टॅटू हे नाटक तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले. इंग्रजी पुरेसे येत नसल्याने तिने रंगभूमीवर ती भूमिका नाकारली. मात्र त्यावरील चित्रपटासाठी (१९५५) तिला श्रेष्ठ अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली इटालियन अभिनेत्री होय.

पाझोलीनीच्या माम्मा रोमा (१९६२) नंतर चित्रपटांतील तिच्या भूमिका विरळ झाल्या. तेव्हा ती पुन्हा रंगभूमीकडे वळली आणि व्हेर्गाच्या ला लूपा (१९६५) मध्ये तिने प्रमुख भूमिका केली. आल्फ्रेदो जान्नेत्ती दिग्दर्शित दूरचित्रवाणी-चित्रपटांपैकी ला शान्तोझा (१९७१) मध्ये पहिल्या महायुद्धात सैनिकांसमोर गाण्यासाठी आघाडीवर जाणारी, वैभव ओसरलेली गायिका तिने रंगविली. फेल्लीनीच्या रोमा (१९७२) मध्ये ती क्षणभर स्वतःच्याच रूपात दिसते. रोम येथे तिचे निधन झाले.

सौंदर्याच्या रूढ संकेतांना न जुमानता, कष्टकरी स्त्रीचा राग, विनोद व वात्सल्य तिने पडद्यावर प्रतिष्ठित केले, यातच तिच्या अभिनयाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.