परवचा, पावकी आणि दारातली परीक्षा



लहान मुलाला हिशेब येतो की नाही हे पाहायला आपल्या पणजोबांच्या काळात एकच साधन होतं, मुलाचं तोंड. चौविहार झाला, दिवा लागला की परवचा सुरू. स्तोत्रं झाली की पाढे, आणि पाढे म्हणजे नुसते दोन ते दहा नव्हेत. तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. नव्या मुलींना यातली निम्मी नावं ठाऊक नसतील म्हणून सांगते. पावकी म्हणजे पावाचा पाढा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, आणि औट म्हणजे साडेतीन. 'सात औट किती?' असं विचारलं की मुलाने श्वास न घेता 'साडेचोवीस' म्हणायचं.

ही घोकंपट्टी हौसेची नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पई. शेराला साडेतीन आणे दराने सात शेर गूळ दिला, तर साडेचोवीस आणे झाले, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. गिऱ्हाईक समोर उभं असताना पाटी शोधत बसायला वेळ कुणाला होता? आपल्या किनाऱ्यावर तर मालच असा की रोज मोजमाप. पेणचा तांदूळ, पेण-उरणच्या मिठागरांचं मीठ, मुंबईला जाणारी गलबतं. वीस मणांची एक खंडी, हे इथल्या पोराला नाव लिहिता येण्याआधी कळत असावं.

शिकवायचे पंतोजी. लाकडी फळीवर धूळ पसरून तीत काडीने आकडे गिरवायचे, ती धूळपाटी. एकदा हात फिरवला की लिहिलेलं सगळं पुसलं, म्हणून जे शिकलं ते डोक्यातच ठेवावं लागे. अलिबागला आंग्र्यांचं राज्य होतं तेव्हाही हेच होतं, आणि १८४० साली ते संस्थान इंग्रजांनी खालसा केल्यावरही बरीच वर्षं फार काही बदललं नाही. मुंबईत १८२०च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तकं मराठीत आणली. पुढे सरकारी शाळा आल्या, पाट्या आल्या आणि परीक्षा घ्यायला घोड्यावरून किंवा छकड्यातून 'दिपोटी' येऊ लागले. डेप्युटी इन्स्पेक्टरचा आपल्या लोकांनी केलेला तो दिपोटी. त्यांच्यासमोरही तोंडी हिशेब असेच. मास्तरांना घाम फुटे तो मुलांपेक्षा जास्त.

हिशेब आपल्या समाजाच्या पाचवीला पुजलेला, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याला आधारही आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. सुरुवात भगवान महावीरांना वंदन करून, आणि मग स्वयंपाकापासून व्यापारापर्यंत कुठेही गणितावाचून चालत नाही असं सांगून. अपूर्णांकांना त्यात 'कलासवर्ण' नावाचं अख्खं प्रकरण आहे, त्रैराशिकाला वेगळं. एका गणितात तुटलेल्या हारातले मोती मोजायचे आहेत. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनाने तो ग्रंथ तेलुगूत नेला. अमोघवर्षाचं नाव आपल्या उत्तर कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांतही येतं, कान्हेरीच्या लेण्यांत. त्याच शिलाहारांच्या राज्यात आपलं चौल हे गजबजलेलं बंदर होतं. तिथल्या व्यापाऱ्यांना हा ग्रंथ माहीत असेल की नाही कोण जाणे, पण त्यातली गणितं त्यांच्याच धंद्याची आहेत. आणि आजही सामायिकात उजव्या हाताच्या चार बोटांच्या बारा पेरांवर जप करत डाव्या हातावर नऊ आवर्तनं धरून एकशे आठ पुऱ्या करणाऱ्या आपल्या सासूबाईंना बारा नव्वे किती हे कुणी शिकवायला लागत नाही.

पण हे कौतुक करताना एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. पंतोजींपुढे बसायचं कोण? ब्राह्मणांची मुलं, वाण्यांची मुलं, क्वचित एखाद्या खोताचा मुलगा. आगरी, कोळी, कातकरी घरातली मुलं तिथे सहसा नव्हतीच. आणि मुली तर कुठल्याच घरातल्या नव्हत्या. म्हणजे दुकानाच्या फळीच्या एका बाजूला औटकी पाठ असलेला, आणि दुसऱ्या बाजूला आपला भात किती मण भरला आणि त्यातून किती वजा झाले हे समोरचा सांगेल तेच खरं मानणारा. प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार म्हणताना खोटं माप, खोटा तोल हे शब्द आपण दर वेळी म्हणतो. गिऱ्हाइकाला हिशेब येत नसेल तर त्या व्रताची सगळी मदार एकट्या दुकानदाराच्या मनावर राहते. सगळ्यांची मनं तेवढी घट्ट होती असं मी तरी म्हणणार नाही.

मुलींचं पुढे काय झालं? १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने मुलींच्या शाळा वाढवा असं सांगितलं, पण बरोबरच मुलींचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा आणि घरसंसाराला उपयोगी असा ठेवावा अशी शिफारसही केली. मला याचं नेहमी हसू येतं. महिन्याचं वाणसामान, दुधाचा रतीब, पापडाच्या पिठात किती उडदाला किती खार, सव्वापट माणसांना किती लापशी, हे सगळं करणाऱ्या बाईला गणित कमी लागतं असं ज्यांना वाटलं त्यांनी स्वयंपाकघर आतून पाहिलेलं नव्हतं.

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, हा त्रास काही वर्षं चालला. दुकानांत रूपांतराचे तक्ते टांगलेले असत. मग शेर गेला, किलो आला. दशमान पद्धतीत औटकीला काही कामच उरलं नाही, आणि ती शाळेतून गेली. 'आमच्या वेळी पोरांना पावक्या-निमक्या यायच्या' असं म्हणून हळहळणारे भेटतात. त्यांना माझं एवढंच सांगणं असतं की त्या पावक्या आण्यांसाठी होत्या, आणि आणे गेले. 'चार आणे' हा शब्द मात्र तग धरून राहिला, पार २०११ साली पंचवीस पैशाचं नाणं चलनातून बाद होईपर्यंत.

यानंतरची मोठी परीक्षा आली ती २००५ साली, आणि ती शाळेत नव्हे, घराच्या दारात. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने 'असर' नावाची पाहणी चालू केली. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातली तीस गावं, गावातली वीस घरं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली. स्वयंसेवक ओटीवर बसतात, पाच ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावतात. आधी हातच्याची दोन अंकी वजाबाकी. ती जमली तर तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायचं. नाही जमली तर मागे येऊन नुसते आकडे ओळखायचे. कॅल्क्युलेटर नाही, मोबाइल नाही, मुलगा शाळेत जात नसला तरी त्याला वगळत नाहीत. कातकरी वाडीतली मुलगी आणि पेठेतला मुलगा यांच्यापुढे तोच कागद येतो.

२०२२ साली देशातल्या गावांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २५.९ टक्क्यांना ती वजाबाकी आली, २०२४ साली ३३.७ टक्क्यांना. पाचवीला भागाकार येणारे २५.६ वरून ३०.७ वर गेले. कोविडची शाळाबंदी मध्ये होती हे धरलं तरी आकडा बोचतो. पाचवीतल्या दहातल्या सातांना तो भागाकार येत नाही.

आपल्या भाषेचीही यात एक अडचण आहे. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि लिहितो मात्र दोन आधी, म्हणून कितीतरी मुलं पंचवीसचे बावन्न करतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचनही दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही थट्टा झाली. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून जोडीने दुसरी दिली आहेत. पाठशाळेत लहान मुलांना शिकवणारी म्हणून मी त्यांच्या बाजूची होते. त्र्याऐंशी आणि अडतीस यांत अडखळणारं पोर ज्याने पाहिलंय तो थट्टा करणार नाही.

तरी दारातली ती परीक्षाही सगळं पाहत नाही. अलिबाग-पेण रस्त्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बायका बसतात. कांदा आपल्या घरात येत नाही, पण त्यांच्याकडून कडवे वाल मी घेते. एकदा आईच्या जागी चौथीतली मुलगी बसली होती. किलोला २४० चा भाव, मी पाऊण किलो मागितले, पाचशेची नोट दिली. तिने ३२० परत केले, मी पिशवी उघडायच्या आत. गंमत म्हणून पिशवीच्या कागदावर '२४० × ३ ÷ ४' लिहून पुढे केलं. तिने कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे आम्हाला अजून झालं नाही." पाऊणकी तिला कुणी शिकवली नव्हती, तरी ती तिच्याकडे होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर पाहिलेलं छापून आलं. बाजारात बसणारी मुलं किचकट व्यवहार तोंडी बरोबर करतात, पण तीच गणितं शाळेच्या रीतीने कागदावर मांडली की अडतात. आणि उलटही. नुसती शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशेबात गोंधळतात. आपल्या घरच्या इंग्रजी शाळेतल्या नातवंडांना 'पाऊण किलो' म्हणजे किती हे विचारून पाहा, मग मी काय म्हणते ते कळेल.

'असर'चे कागद त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही मिळतात, कुणीही उतरवून घ्यावेत. मी रविवारी पाठशाळा सुटल्यावर पाच-सहा मुलांना ते देते, आणि त्याबरोबर तोंडी दोन गणितं घालते, एक दुकानातलं, एक स्वयंपाकघरातलं. आता आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंची मुलगीही त्यांच्यात बसते. मागच्या रविवारी सव्वा लिटर दुधाचं गणित तिने सगळ्यांच्या आधी सोडवलं, आणि भागाकारात हातचा विसरली.